एका परातीचा दोस्ताना

पुण्याच्या माणसाला प्रवास म्हटले की महाबळेश्वर सुचते, नाहीतर काशी. मी कुंभार पिंपळगावला जाणार असे सांगितल्यावर शाळेतले सहकारी माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मला काळ्या पाण्यावर धाडत आहेत. ते गाव निजामाच्या राज्यात अंबड तालुक्यात आहे, एवढा खुलासा करूनही कुणाच्या चेहऱ्यावर उजेड पडला नाही. मलाही ते ठाऊक असण्याचे कारण एकच. कॉलेजात माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेला वसंता त्या गावचा. आता तो जालन्याला वकिली करतो. दर पौषात ‘हुरडा खायला ये’ असे त्याचे पत्र येई आणि दर पौषात मी काही ना काही सबब काढून टाळीत असे. या खेपेच्या पत्रात एक ओळ जास्त होती : ‘नानांच्या दोस्तान्याची ही बहुधा शेवटचीच बैठक. यायचे तर आत्ताच ये.’

नाना म्हणजे वसंताचे वडील. दोस्ताना म्हणजे काय, ते पत्रात नव्हते. पण काहीतरी मंडळ असणार एवढे कळले. मी स्वतः दोन मंडळांचा चिटणीस आहे. मंडळ शेवटच्या घटका मोजत आहे असे ऐकले की चिटणिसाच्या मनात पहिला विचार येतो तो घटनेत काय दुरुस्ती करावी हा. तेवढ्या उत्साहावर मी गाडीत बसलो. युरोपात लढाई पेटल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा.

जालना

मनमाडला गाडी बदलली की माणूस लहान रुळांवर येतो आणि थोड्याच वेळात दुसऱ्या राज्यात. तिथे सामान उघडून दाखवावे लागते. माझ्या ट्रंकेत काय सापडायचे? दोन धोतरे, एक कानटोपी आणि सौभाग्यवतींनी पुण्याच्या वर्तमानपत्रात बांधून दिलेला चिवडा. तपासणीवाल्या गृहस्थाने अत्यंत अदबीने ते वर्तमानपत्र सोडवून घेतले, घडी करून खिशात घातले आणि चिवडा तसाच ट्रंकेत ओतून दिला. हे पत्र इकडे चालत नाही, असे तो म्हणाला. चिवडा चालत होता. पुढे आठ दिवस धोतर झटकले की शेंगदाणे पडत.

वसंता स्टेशनवर आला होता. जालना कुंडलिका नदीने दोन गावांत वाटलेले आहे. अलीकडे जालना, पलीकडे कादराबाद. रुईच्या गाठींनी भरलेल्या गाड्या पुलावर एकमेकींत अडकून पडल्या होत्या आणि गाडीवान मराठीत सुरू केलेले भांडण उर्दूत संपवीत होते. मला ती बोली फार आवडली. आमच्याकडे माणूस भांडला की त्याची भाषा शुद्ध होत जाते आणि ऐकणाऱ्याला जास्त लागते.

अंबडच्या लॉरीत बसल्यावर मी वसंताला दोस्तान्याची घटना विचारली.

“कसली घटना?” तो हसला. “सात जण एका उर्दू शाळेत होते. मास्तरांनी एकाला छडी मारली की बाकीचे सहा आपणहून हात पुढे करायचे. तिथून सुरू झालं. दर पौषात एकाच्या शेतात जमायचं. ज्याची पाळी, त्याचं शेत, त्याचा हुरडा. नवा सभासद घ्यायचा नाही. आता पाच उरलेत.”

“अध्यक्ष?”

“नाही.”

“भाषणं?”

“अजिबात नाही. इकडे चार माणसांत कुणी उभा राहून बोलायला लागला की ती सभा होते, आणि सभेला सरकारी इजाजत लागते. म्हणून उभं राहून बोलायचंच नाही असा त्यांनी नियम केला. बसून काय वाटेल ते बोला.”

आमच्या मंडळात वार्षिक जेवणाआधी तीन भाषणे आणि जेवणानंतर आभारप्रदर्शन असते. मागच्या वर्षी आभारांपर्यंत जिलबी संपली होती. हा नियम पुण्यात नेता आला तर, असे माझ्या मनात आले, आणि स्वतःच्याच फितुरीची लाज वाटली.

अंबडच्या पुढे

अंबडहून पुढे बैलांची दमणी. रस्ता म्हणजे काळ्या मातीत दोन चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढी ज्वारी उभी होती आणि तिच्या कणसांवर दुपारचे ऊन पडले होते. आमच्या मावळात डोंगर मधे येतो म्हणून लांबचे दिसत नाही. इथे अडवायला काहीच नाही, तरी बघून बघून डोळे भरत नव्हते. वाटेत एका गावात पाणी मागितले तर पाण्याबरोबर गुळाचा खडा आला. नुसते पाणी देणे इकडे कमीपणाचे मानतात.

नानांचे घर बाजाराच्या पटांगणाला लागून. नाना साठीचे, उंच, डोक्याला पागोटे, आणि आवाज असा की अंगणातून बोलले तर शेतातल्या गड्याने ओ द्यावी. “या पाहुणे, या! पुन्याला भाकरी मिळत न्हाई वाटतं, लई वाळले तुम्ही!” असे माझे स्वागत झाले. वाळलेपणाचा इलाज काकूंनी लगेच सुरू केला : ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, आणि एक तिळाची चटणी, जिने माझ्या कानांतून धूर काढला.

जेवताना मी सहज विचारले, “उद्या दोस्तान्याचे सगळे जमतील ना?” नाना जेवता जेवता थांबले. “तिघं येतील,” म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

काकूंनी मग ताटात आणखी भाकरी टाकत हळूच सांगितले. “आप्पाभावजी बी येतील, पर ह्यांच्यात अन् भावजींत दोन महिन्यांपासून अबोला है. भावजींची मेंढरं व्हती, थोडं शेत व्हतं. बायको गेली, डोळ्यात मोतीबिंदू उतरला, मेंढरं इकली. आता पोरगं तिकडं तेलंगणात साखरेच्या कारखान्यात है, ते बोलवून राह्यलं. ह्यांनी म्हनलं, कशाला जातो, माझ्या घरी राहा. तर भावजी म्हनले, नान्या, दुसऱ्याच्या दारात म्हातारपन काढायचं न्हाई मला.” काकूंनी पदर सावरला. “पन्नास वर्सांची दोस्ती, अन् दुसऱ्याच्या म्हनले. तवापासून ह्यांनी तोंड धरलंय. भावजी चार दिवसांनी चालले. तसेच गेले तर पुन्हा भेट व्हती का न्हाई, कोन सांगावं?”

तेव्हा कुठे मला ती पत्रातली जास्तीची ओळ उमगली.

आगटीभोवती

पाळी नानांची होती, म्हणून शेतही नानांचे. सकाळी थंडीत मैलभर चालून आम्ही पोचलो, तर जमिनीतल्या खळग्यात गोवऱ्यांचा विस्तव फुललेला. त्याला आगटी म्हणतात. तीत हिरवी कणसे खुपसून भाजायची, गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि दाणे फुंकून तोंडात टाकायचे, हाच हुरडा. कणसे भाजून तयार, भोवती म्हातारे मांडी घालून बसलेले, आणि खात मात्र कुणीच नव्हते.

मला वाटले, पाहुण्यासाठी खोळंबलेत. घोंगडीवर एक मोठी पितळी परात होती, तीत कणसे, गूळ, दही, चटणी. परातीच्या एका बाजूला नाना पाठमोरे बसले होते, दुसऱ्या बाजूला एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ डोळे बारीक करून विस्तवाकडे बघत होते. मधे जागा रिकामी होती. मी तिथे ऐसपैस बसलो, परातीतले कणीस उचलले, चोळले आणि तोंडात टाकले. अहाहा!

कुणीतरी “अरेरे” म्हणाले.

“मास्तर,” पांढऱ्या दाढीचे कादरभाई समोरून म्हणाले. त्यांचे बाजारात शिवणकामाचे दुकान. दोस्तान्याचे सगळे नियम त्यांच्या तोंडी होते आणि तेच ते पाळून घेत. “तुमाला कुनी सांगितलं न्हाई का? ती परात अबोल्याची है. दोघांचं बोलनं बंद असलं की त्यांनी एका परातीत खायाचं. ह्यानं चोळायचं, त्यानं खायाचं. आपल्या हातचं आपन न्हाई खायाचं. त्यांचा पयला घास पडल्याबिगर बाकीच्यांनी कनसाला हात न्हाई लावायचा. अन् जो परातीवर बसला, तो अबोला सुटल्याबिगर उठत न्हाई.”

“मग मी उठतो,” मी घाईने म्हणालो.

“उठत न्हाई, म्हनलं ना! कायदा म्हंजी कायदा.”

घटनेचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, ती अशी अंगावर आली. वसंता तोंड फिरवून खांदे हलवीत होता. मी दोघांकडे पाहिले; ते ठेंगणे गृहस्थ म्हणजेच आप्पा. नाना आप्पांकडे बघत नव्हते, आप्पांना बघून दिसत नव्हते. आणि मग दोघांनाही एकाच वेळी सुटकेचा मार्ग सापडला. तो मार्ग मी होतो.

नानांनी कणीस चोळले आणि दाणे माझ्यापुढे ठेवले. “घ्या पाहुणे.” आप्पांनी चोळले आणि चाचपत माझ्या हातावर ओतले. “घ्या मास्तर, लाजू नगा.” आपल्या हातचे कुणी खाल्ले नाही, कायदा पाळला गेला. पहिला घास पडला म्हणून बाकीचेही खायला लागले. एकटे कादरभाई मान हलवीत राहिले. “हे बराबर न्हाई, बिलकुल न्हाई,” असे ते पुटपुटत होते, पण नियमात नेमके कुठे बोट ठेवावे ते त्यांनाही कळेना.

दोघांचे बोलणेही माझ्यातूनच जाऊ लागले.

“पाहुणे, त्याला इचारा, कारखान्यात जोंधळा पिकतो का.”

“मास्तर, त्याला सांगा, जिथं लेकरू है तिथं जावं लागतंय.”

“पाहुणे, त्याला सांगा, तिथं समदे तेलगू बोलतात. पानी मागायचं तर कसं मागनार?”

“मास्तर, त्याला सांगा, इथं तरी कोन बोलून राह्यलं माझ्याशी?”

आणि प्रत्येक वाक्यामागे एक ओंजळ हुरडा. माझे पोट आधी भरले, मग तुडुंब झाले, मग दगड झाले. नको म्हणायची सोय नव्हती; नको म्हटले की दोन्हीकडून “आवडला न्हाई का?” असे येई. शेवटी माझा पुणेरी पित्तप्रकोप उसळला. “अहो, मी काय टपालपेटी आहे? दोघांना तोंडे दिली आहेत ना देवाने?” असे मी ओरडलो, आणि त्याबरोबर पोटातला ऐवजही वर येऊ लागला. मी उठून पळत सुटलो.

“मास्तर, कायदा!” कादरभाई ओरडले.

बांधापलीकडे बोरीच्या झुडपाआड मी काय केले ते लिहीत नाही. डोके जरा ठिकाणावर आले तेव्हा झुडपातूनच पाहिले. मधला पाहुणा उठल्यामुळे परातीवर आता दोघेच समोरासमोर राहिले होते. आप्पांनी कणीस चाचपून घेतले, चोळले, फुंकर मारली. फुंकर एकीकडे गेली आणि फोलकटे दाण्यांतच राहिली. त्यांना ती दिसत नव्हती. मला इतक्या लांबून दिसत होती. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि ती धरून ठेवली.

बराच वेळ ती ओंजळ तशीच राहिली. मग नानांनी ते दाणे घेतले आणि फोलकटांसकट तोंडात टाकले. एक घास, दुसरा घास. तिसऱ्याला त्यांना ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला, पागोटे सुटले.

“पानी दे रं कादर! जल्दी!” आप्पा ओरडले आणि चाचपत नानांच्या पाठीवर थापट्या मारू लागले. “नान्या, आरं फोलकट गेलं का? मला दिसत न्हाई लेका. सांगायचं न्हाई का मंग? फेकून द्यायचं!”

नानांनी श्वास घेतला. “तुह्या हातचं है,” ते म्हणाले. “फेकू कसं?”

मग त्यांनी स्वतः एक कणीस घेतले, चोळले, एकेक फोलकट निवडून काढले आणि दाणे आप्पांच्या तळहातावर ठेवले. “आता तू खा. का हे बी दुसऱ्याचं है?”

आप्पांनी खाल्ले. एका हाताने खात होते आणि दुसऱ्याने डोळे पुसत होते. कादरभाईंनी लगेच जाहीर केले की धुरामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत आहे. मी बोरीआड उभा होतो, माझ्याकडे धूर येत नव्हता. पण माझेही तेच झाले होते.

अंथरुणात

त्यानंतरचे दोन दिवस मी कुंभार पिंपळगावचे फक्त आढे पाहिले. काकू ओवा आणि ताक पाजीत होत्या आणि हुरडा खाऊन आडव्या झालेल्या पुणेकराची कहाणी शेजारणींना सांगत होत्या. पहिल्याच दिवशी आप्पा काठी टेकत माझ्या समाचाराला आले. नानाही येऊन बसले. नाना खुशीत होते. आप्पांच्यासाठी ओसरीला लागून असलेली खोली त्यांनी सकाळीच सारवून घेतली होती.

“बघून घे खोली,” ते म्हणाले. “चूल येगळी पायजे तर येगळी मांडू.”

आप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “नान्या, मी जानार है.”

“आरं, काल तर...”

“तवा माझं चुकलं. दुसऱ्याचं म्हनायला नको व्हतं. तू दुसरा न्हाई. पर पोरगं बी दुसरं न्हाई ना! त्याला वाटलं बापाला आपल्याजवळ ठेवावं. मी इथं राह्यलो तर गाव त्याला काय म्हनंल?” मग ते म्हणाले, “एक सांगतो. पुढल्या साली पाळी माझी व्हती. ती धरू नका. माझं शेत बी न्हाई, हुरडा बी न्हाई. पाळी न्हाई तो दोस्तान्यात कसला? मला सोडून द्या.”

मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते उठले आणि बाहेर निघून गेले. आप्पा त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसले. पुन्हा अबोला पडला की काय, या काळजीने माझे पोट परत दुखू लागले.

परतूर

पिंपळगावहून परतूरचे स्टेशन जवळ. माझी गाडी मनमाडकडे जाणारी, आप्पांची उलट दिशेची, आणि तीच आधी यायची होती. म्हणून एकाच दिवशी निघालो. दोन दमण्या भरून अख्खा दोस्ताना पोचवायला आला. वाटेत कादरभाई आप्पांना तेलगू शिकवीत होते. त्यांना एकच शब्द येत होता. “पानी म्हंजी नीळ्ळू. घोक.” आप्पा घोकत होते. नाना दुसऱ्या दमणीत बसले होते आणि साऱ्या वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.

फलाटावर आप्पांचे सामान म्हणजे एक वळकटी, एक तांब्या आणि काकूंनी बांधून दिलेल्या भाकऱ्या. गाडी आली. वसंताने त्यांना हात धरून डब्यात बसवले. बाकीचे खिडकीपाशी जमले. जो तो “सांभाळून”, “खत लिहून पाठव” असे म्हणत होता. आप्पा खिडकीतून चेहऱ्यांच्या दिशेने मान फिरवीत होते. कोण कुठला ते त्यांना ओळखू येत नव्हते, पण एक आवाज कमी आहे हे कळत होते.

“नान्या है का?” त्यांनी विचारले.

शिटी झाली. नाना पुढे झाले आणि त्यांनी खिडकीचा गज धरला.

“पाळी तुहीच है,” ते म्हणाले. “पुढल्या पौषात. आमी येनार तिथं.”

“येडा का काय? तिथं जोंधळा न्हाई. समदा भातच भात है.”

“मंग भात खाऊ.”

“घर पोराचं है, नान्या. दोन खोल्यांचं.”

“असू दे. मला काय, ते दुसऱ्याचं घर है का?”

गाडी हलली. आप्पांनी नानांचा गजावरचा हात दोन्ही हातांनी दाबला आणि गाडीने तो सोडवून घेईपर्यंत सोडला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरही नाना तिथेच उभे होते. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावेसे वाटले. आमच्याकडे स्टेशनवर असे करीत नाहीत म्हणून मी तोंडाने नुसते ‘येतो’ म्हणालो. आता त्याचे वाईट वाटते.

हे लिहायला घ्यायला मला वर्ष लागले, त्याचे एक बरे झाले. परवाच वसंताचे पत्र आले. ठरल्याप्रमाणे चौघे म्हातारे तेलंगणात गेले होते. चार दिवसांची बोली होती. पाचव्या दिवशी कादरभाई आणि दोघे परतले, नाना परतले सोळाव्या दिवशी. इतके दिवस काय करत होता म्हणून काकूंनी फैलावर घेतले, तेव्हा नाना म्हणाले, “भातानं माझं पोट भरतच न्हाई बिलकुल. भरायची वाट बघत बसल्तो.”